जलवाहिनी जुनी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

मुख्य जलवाहिनी फुटली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. उंच उडणाऱ्या पाण्याचा फोटो, कोणकोणत्या भागांत पाणी येणार नाही याची यादी, आणि शेवटच्या ओळीत कारण: वाहिनी जुनी, जीर्ण झाली होती. मग मागणी होते, सगळी वाहिनीच बदला. उत्तर येतं, निधी नाही. फुटल्या जागी पॅच बसतो, खड्डा बुजतो आणि पुढच्या फुटीपर्यंत विषय मिटतो.

या सगळ्यात एक साधा प्रश्न राहून जातो. त्या पाईपचा पत्रा टाकला तेव्हा किती जाड होता आणि आज किती उरला आहे? पोलादी वाहिनीच्या बाबतीत याचं उत्तर मोजून देता येतं, आणि बरंचसं मोजमाप पाणी बंद न करता होतं. ते कसं करतात आणि त्यातून काय कळतं, काय कळत नाही, हे नागरिकांनी समजून घेण्यासारखं आहे. कारण पाणीही आपलंच आहे आणि नव्या वाहिनीचे पैसेही आपलेच.

वयावरून काय कळतं?

फार थोडं. मुंबईला रोज ३८० कोटी लिटरांहून अधिक पाणी सात तलावांतून येतं. त्यातला तानसा १८९२ सालचा. तिथून आणि वैतरणा-भातसाकडून येणाऱ्या मोठ्या वाहिन्यांपैकी अनेक पोलादाच्या आहेत, आणि त्यांचे कितीतरी भाग जमिनीवर, आधारांवर ठेवलेले दिसतात. काही अनेक दशकं पाणी वाहतायत. दुसरीकडे, वाईट जमिनीत आणि खराब लेपासह पुरलेला पाईप पंधरा-वीस वर्षांतच ठिकठिकाणी गळू लागतो.

ऑस्ट्रेलियातली कूलगार्डी सोनखाणींची वाहिनी हे यातलं बोलकं उदाहरण. पर्थजवळच्या मंडेरिंग धरणापासून कॅलगुर्लीपर्यंत पाचशे किलोमीटरहून लांब आणि ७६२ मिमी व्यासाची ही पोलादी वाहिनी १९०३ साली सुरू झाली. ती आधी जमिनीत पुरलेली होती. खारट मातीने ती बाहेरून इतकी खाल्ली की १९३० च्या दशकात तिचे लांबच लांब भाग उकरून जमिनीवर घ्यावे लागले. अनेक भाग बदलत, दुरुस्त करत ती योजना आजही चालू आहे. सारख्याच वयाचे दोन तुकडे, पण माती वेगळी आणि ठेवण्याची रीत वेगळी म्हणून नशीबही वेगळं.

आपल्याकडे ‘तीस वर्षं झाली, आयुष्य संपलं’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. त्यातले तीस बहुधा केंद्राच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेतून आलेले असतात. पण तिथे तीस वर्षं हा नियोजनाचा काळ आहे: पुढच्या तीस वर्षांत लोकसंख्या किती वाढेल हे धरून पाईपचा व्यास ठरवा, एवढाच त्याचा अर्थ. औषधाच्या बाटलीवरच्या मुदतीसारखा तो वाचायचा नसतो.

पत्रा जातो कुठे?

पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंड. ओल्या मातीत किंवा पाण्यात लोखंडाच्या पृष्ठभागावर चिमुकले विद्युतघट तयार होतात. एका जागेचं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, शेजारच्या जागी ते इलेक्ट्रॉन वापरले जातात, आणि मधला विद्युतप्रवाह ओली माती पूर्ण करते. जिथे विरघळतं तिथे पत्रा झिजतो. हाच गंज.

पत्रा सगळीकडून सारखा पातळ झाला असता तर काम सोपं होतं. पण पुरलेल्या पाईपवर गंज बहुतेकदा ठिपक्यांनी येतो. बाहेरून डांबराचा, इपॉक्सीचा किंवा पॉलिथिनचा लेप असतो. पाईप उतरवताना तो कुठे खरचटतो, कुठे दगड रुततो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि लेपाला ओढत राहते. लेप उघडा पडला की तेवढ्याच जागी खळगा खोल होत जातो.

खळग्याचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. १,८०० मिमी व्यास आणि १२ मिमी पत्रा असलेला पाईप घेऊ. त्याच्या दर मीटर लांबीचं वजन साधारण ५३६ किलो भरतं. या पत्र्याला अडीच सेंटीमीटर व्यासाचं आरपार भोक पडायला गंजाला जेमतेम ४६ ग्रॅम पोलाद खावं लागतं. बाकीचा पाईप नव्यासारखा असला तरी पाणी बाहेर पडणारच. शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब असेल तर अशा एका भोकातून दिवसाला सुमारे ११ लाख लिटर पाणी जातं. माणशी १३५ लिटर धरले तर ते आठ हजार माणसांचं पाणी झालं.

म्हणून ‘पाईपची प्रकृती कशी आहे’ हा प्रश्न खरं तर दोन प्रश्नांचा आहे. सरासरी पत्रा किती उरला? आणि सर्वात खोल खळगा किती खोल, कुठे? पहिल्या उत्तरावर पाईप एकूण ताकदीचा आहे की नाही हे ठरतं, दुसऱ्यावर तो गळणार की नाही. मोजायच्या पद्धती वेगळ्या, उपायही वेगळे. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे. एकाचं मोजमाप करून दुसऱ्याचा निष्कर्ष काढला जातो.

पाईपचा तळ जास्त का गंजतो?

पुरलेल्या पाईपच्या वरची माती भरावाची, सैल असते, तिच्यात हवा खेळते. खालची दबलेली, ओली, हवा नसलेली असते. एकाच पाईपला वर भरपूर प्राणवायू आणि खाली कमी अशी स्थिती झाली की कमी प्राणवायूची बाजू झिजते. त्यात खालच्या कोंदट मातीत सल्फेटवर जगणारे जिवाणू असले तर वेग वाढतो. परिणाम असा की उकरून वरून पाहिलेला पाईप छान दिसतो आणि सगळ्यात वाईट जागा पोटाखाली लपलेली असते, जिथे हात पोचवायला सगळ्यात जास्त खोदावं लागतं. वरून पाहून दिलेला ‘पाईप चांगला आहे’ हा शेरा म्हणूनच धोक्याचा.

जमिनीवरच्या पाईपची कमकुवत जागा वेगळी. तो जिथे आधारावर टेकतो, जिथे मातीत शिरतो, आणि जिथे कडेला साचलेला कचरा-राडारोडा त्याला चिकटून ओला राहतो, तिथे गंज आधी येतो. मुंबईत उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वाहिन्यांच्या दोन्ही बाजूंच्या दहा मीटरच्या पट्ट्यातली वस्ती हलवली गेली. त्यातली अनेक कुटुंबं चेंबूरजवळच्या माहुलला गेली आणि तिथल्या प्रदूषणाने आजारी पडत असल्याचं सांगत वर्षानुवर्षं भांडत राहिली. वाहिनीच्या सुरक्षेची एवढी किंमत माणसांनी मोजल्यावर त्या मोकळ्या पट्ट्यातून नियमित तपासणी होणं हे तर किमान कर्तव्य आहे.

रुळांमधून सुटलेली वीज

एक कारण असं आहे की ते मातीकडे पाहून कळत नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. उपनगरी रेल्वेचं रूपांतर प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, प्रवाहात पूर्ण व्हायला २०१६ साल उजाडलं. एकदिश प्रवाहाच्या रेल्वेत वीज रुळांमधून उपकेंद्राकडे परतते. त्यातला काही भाग रूळ सोडून जमिनीत शिरतो, आणि जवळ पोलादी पाईप असेल तर त्याला मातीपेक्षा तो रस्ता सोपा वाटतो. प्रवाह पाईपमध्ये जिथे शिरतो तिथे अपाय होत नाही. जिथून तो पाईप सोडून पुन्हा जमिनीत जातो, तिथलं लोखंड सोबत घेऊन जातो.

किती? हे फॅरेडेच्या नियमावरून नेमकं काढता येतं. एक अँपिअर प्रवाह वर्षभर पाईप सोडत राहिला तर सुमारे ९.१ किलो लोखंड जातं. म्हणजे मघाच्या ४६ ग्रॅमच्या भोकाला एक अँपिअर दोन दिवस पुरतो. प्रत्यक्षात गळणारा प्रवाह खूप कमी असू शकेल. पण अँपिअरचा शंभरावा भाग, दहा मिलिअँपिअर, एकाच उघड्या जागेतून जात राहिला तरी सहा महिन्यांत पत्रा आरपार होतो. त्यामुळे बाकी सगळा लेप उत्तम आणि एकच जागा उघडी ही स्थिती कधीकधी जास्त वाईट. सगळा प्रवाह तिथेच एकवटतो. रुळांलगत किंवा रूळ ओलांडून जाणाऱ्या जुन्या वाहिनीची तपासणी करताना हा इतिहास विचारात घ्यायलाच हवा.

अर्धा पत्रा गेला तरी पाईप टिकतो, मग कोलमडतो कधी?

आतल्या पाण्याच्या दाबाने पाईपच्या पत्र्यात परिघाच्या दिशेने ताण येतो. दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची दुप्पट, एवढंच त्याचं सूत्र. आपल्या १,८०० मिमीच्या पाईपमध्ये शंभर मीटर पाण्याचा दाब धरला तर १२ मिमी पत्र्यात ताण येतो चौरस मिलिमीटरला सुमारे ७५ न्यूटन. पत्रा ६ मिमी उरला तर १५०. साधं पोलाद कायमचं वाकायला लागतं ते २५० च्या आसपास. वेल्डिंगच्या सांध्यांसाठी थोडी सूट द्यावी लागते, तरीही अर्धा पत्रा गेलेला पाईप आतल्या नेहमीच्या दाबाला तोंड देऊन उभा राहू शकतो. त्यामुळे ‘एवढी वर्षं चाललाय, अजून चालेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे.

धोका येतो उलट्या बाजूने. उताराच्या खालच्या टोकाला वाहिनी फुटली किंवा रिकामी करायचा व्हॉल्व्ह घाईने उघडला की पाणी वेगाने निघून जातं. त्याची जागा घ्यायला वरच्या एअर व्हॉल्व्हमधून हवा आत आली नाही तर पाईपमध्ये पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा त्याला दाबू लागते. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीतली हवा तोंडाने ओढली की बाटली चेपते, तसंच हे. बाटली जाड असेल तर चेपत नाही, पातळ असेल तर लगेच. आणि इथे जाडीचा हिशोब फार कठोर आहे: चेपण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. पत्रा निम्मा, तर विरोध एक-अष्टमांश. जमिनीवर उघड्या असलेल्या, कड्यांचा आधार नसलेल्या १,८०० मिमीच्या पाईपला १२ मिमी पत्रा असेल तर तो वातावरणाच्या सुमारे १.३ पट दाब सोसतो, म्हणजे पूर्ण पोकळीतही तगतो. १० मिमी उरला की हा आकडा ०.७५ वर येतो. ६ मिमीला ०.१६.

म्हणजे पाणी नीट धरून ठेवणारा, एक थेंब न गळणारा पाईपसुद्धा एका चुकीच्या शटडाऊनमध्ये चेपला जाऊ शकतो. अशा पाईपचं रक्षण एअर व्हॉल्व्ह करतात. ते गंजून अडकले, त्यांच्या चेंबरवर कुणी टपरी टाकली, किंवा दुष्काळी गावात दुसरं पाणीच नाही म्हणून बायाबापड्यांना तिथूनच हंडा भरावा लागला, तर ते रक्षण जातं. उरलेल्या जाडीचा अहवाल एअर व्हॉल्व्हच्या स्थितीसह वाचला नाही तर तो अपुरा आहे.

उपसा योजनांमध्ये आणखी एक हिसका असतो. वीज गेली, पंप एकदम थांबला, की वाहतं पाणी अडखळतं आणि दाबाची लाट पाईपभर पुढे-मागे धावते. याला वॉटर हॅमर म्हणतात. मघाच्या १,८०० मिमीच्या पाईपमध्ये ही लाट सेकंदाला सुमारे ९०० मीटर जाते. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी अचानक अडलं तर दाब जवळपास ९० मीटर पाण्याइतका उसळतो. नेहमीच्या दाबाला पुरून उरणारा पातळ पत्रा या हिसक्याला कमी पडतो, आणि मग लोक म्हणतात, काही कारण नसताना फुटली.

मोजायचं कसं?

सुरुवात खोदण्यापासून करायची नसते. आधी कागद: कोणत्या साली, किती जाडीचा, कोणत्या लेपाचा पाईप कुठून कुठे टाकला, आजवर कुठे कुठे फुटला, रूळ, नाले, खाडी कुठे ओलांडली. त्यानंतर माती. जमिनीत ओळीने चार सळया रोवून माती विजेला किती विरोध करते ते मोजतात. हा विरोध १,००० ओहम-सेंटिमीटरच्या खाली असेल तर जमीन पोलादाला फार वाईट. १०,००० च्या वर असेल तर बरीच सौम्य. ओली काळी माती आणि खाडीलगतची खारट जमीन खालच्या गटात जाते, कोरडा मुरूम वरच्या.

मग लेप. पाईपमध्ये थोडी वीज सोडतात आणि माणसं वरून दोन काठ्या टेकवत चालत जातात. लेप जिथे फाटला असेल तिथून वीज मातीत सुटते आणि काठ्यांना जोडलेल्या मीटरवर ते दिसतं. न खोदता, पाणी न थांबवता लेपाच्या जखमांचा नकाशा तयार होतो. तेल आणि वायूच्या वाहिन्यांवर ही पद्धत रुळलेली आहे. पाण्याच्या वाहिनीला तेलाइतका पैसा मिळत नाही म्हणून ती मागे राहिली, हे मला खटकतं. तेल गळलं तर तोटा होतो, आणि पाणी गळलं तर एखाद्या वस्तीत आठवडाभर पाणी येत नाही.

मातीचा नकाशा आणि लेपाचा नकाशा एकावर एक ठेवले की कुठे खोदायचं ते ठरतं. अशा निवडक जागी पाईप पूर्ण, पोटाखालूनही, उघडा करून पत्रा मोजतात. त्यासाठी अल्ट्रासोनिक मापक वापरतात. बाहेरून लावलेल्या छोट्या चकतीतून ध्वनीचा ठोका पत्र्यात जातो, आतल्या कडेवर आदळून परत येतो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. म्हणून १२ मिमी पत्र्यातून जाऊन यायला त्याला सेकंदाचे चार दशलक्षांश भाग लागतात. जितका वेळ कमी, तितका पत्रा पातळ. आतल्या बाजूने झालेली झीजही यात बाहेरून कळते.

इथे सावध राहायला हवं. मापकाची चकती बोटाच्या पेराएवढी आणि पाईपचा पृष्ठभाग प्रत्येक मीटरला साडेपाच चौरस मीटरहून जास्त. दर किलोमीटरला एका जागी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार मापं घेऊन ‘सरासरी १०.८ मिमी, स्थिती समाधानकारक’ असं लिहिलेला अहवाल पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्याचं अजिबात देत नाही. सर्वात खोल खळगा त्या चार बिंदूंत सापडण्याची शक्यता नगण्य असते. जितका जास्त पृष्ठभाग तपासाल तितका आणखी खोल खळगा सापडतो. म्हणून उघड्या केलेल्या भागाचा गंज खरवडून सगळ्या खळग्यांची खोली मोजायची आणि त्यावरून न पाहिलेल्या लांबीत किती खोल असू शकेल याचा संख्याशास्त्राने अंदाज करायचा, ही खरी रीत. चुंबकाने पत्रा भारून झिजलेल्या जागी बाहेर सांडणारं चुंबकत्व टिपणारी यंत्रं मोठा पृष्ठभाग लवकर तपासतात, पण ती पत्र्याजवळ न्यावी लागतात.

गळती शोधायला कान लागतो. पाईपवर दोन ठिकाणी संवेदक लावले की गळतीचा आवाज जवळच्या संवेदकाला आधी पोचतो. दोन संवेदकांत २०० मीटर अंतर आहे आणि आवाज दुसरीकडे सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचला असं समजू. सेकंदाला ९०० मीटर या हिशोबाने दोन अंतरांतला फरक ९० मीटर. म्हणजे गळती पहिल्यापासून ५५ आणि दुसऱ्यापासून १४५ मीटरवर. मोठ्या व्यासाच्या पाईपमध्ये हा आवाज क्षीण होतो, म्हणून तिथे माइक पाण्यातच सोडतात: कधी तारेला बांधून, कधी प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या चेंडूत बसवून.

याच आवाजातून आणखी एक गोष्ट निघते. पत्रा पातळ झाला की पाईप दाबाखाली जास्त ताणला जातो आणि पाण्यातली लाट मंदावते. आपल्या पाईपमध्ये पत्रा १२ मिमीचा ६ झाला तर वेग सेकंदाला ९०० मीटरवरून ७०० च्या आसपास येतो. शंभर-दोनशे मीटरच्या तुकड्यात लाटेचा वेग मोजला की तिथल्या सरासरी पत्र्याचा अंदाज न खोदता मिळतो. तोही सरासरीचाच, खळग्याचा नव्हे.

‘त्यासाठी पाणी बंद ठेवावं लागेल, लोक ऐकतील का?’

माती, लेप, बाहेरून जाडी, आवाज, यांतल्या कशालाही पाणी बंद करावं लागत नाही. बंद ठेवावं लागतं ते आत माणूस उतरवायला. १,८०० मिमीच्या पाईपमध्ये माणूस चालत जाऊ शकतो आणि आतल्या सिमेंटच्या अस्तराच्या भेगा, सांध्यांवरचा गंज डोळ्यांनी पाहू शकतो. सिमेंट अल्कधर्मी असल्याने त्याच्या आडचं पोलाद गंजत नाही. अस्तर जिथे सुटलं तिथून आतली झीज सुरू होते. असा शटडाऊन दुसऱ्या कुठल्या कामासाठी घेतलाच असेल तर त्यात ही पाहणी बसवता येते. मात्र आत प्राणवायू मोजल्याशिवाय, हवा खेळती केल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा ठेवल्याशिवाय कुणालाही आत पाठवता कामा नये. बंद जागेत गुदमरून कामगार जाण्याच्या बातम्या आपण पुरेशा वाचल्या आहेत.

‘एवढं मोजत बसण्यापेक्षा नवीनच टाका’

काही वेळा तेच बरोबर असतं. व्यास अपुरा पडत असेल किंवा मोजमापाने सगळीकडेच पत्रा संपल्याचं दाखवलं, तर नवी वाहिनी हवीच. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या ७०० आणि १,४०० मिमीच्या जुन्या वाहिन्या शहराच्या वाढीला पुरेनात, म्हणून तिथे २,५०० मिमी व्यासाची पोलादी वाहिनी हाती घेतली गेली. आठ-आठ दिवसांनी पाणी मिळणाऱ्या घराला तपासणीचं महत्त्व सांगत बसणं बरं नव्हे.

पण जिथे व्यास पुरेसा आहे तिथे आधी मोजावं. मघाच्या पाईपचं एक किलोमीटर म्हणजे ५३६ टन पोलाद. खोदाई, वाहतूक, वेल्डिंग, लेप आणि रस्ता पुन्हा बांधणं वेगळं. वीस किलोमीटरची वाहिनी तपासून त्यातले तीन किलोमीटर वाईट निघाले तर सतरा किलोमीटरचा पैसा शहराच्या दुसऱ्या कामाला येतो. शिवाय सतरा किलोमीटरला आणखी आयुष्य देता येतं. मॅग्नेशियमचे किंवा जस्ताचे ठोकळे तारेने पाईपला जोडून जमिनीत पुरले की पाईपऐवजी ते झिजतात. किंवा बाहेरून वीज पुरवून पाईपला झिजण्यापासून रोखता येतं. याला कॅथोडिक संरक्षण म्हणतात. मात्र ठोकळे संपतात, तारा तुटतात. पाईपचा विद्युतदाब ठरलेल्या मापापर्यंत, तांबे-तांबे सल्फेटच्या (तुलनेसाठी मातीत टेकवायच्या ठरावीक घटाच्या) तुलनेत उणे ८५० मिलिव्होल्टपर्यंत, आहे का हे वारंवार पाहावं लागतं. बसवून विसरायची ही गोष्ट नाही.

आणि सगळ्या फुटी वयाच्या नसतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीला अंधेरी पूर्वेत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात ड्रिलिंग करताना १,८०० मिमीच्या वाहिनीला भोक पडलं आणि दुरुस्तीला दोन दिवसांहून जास्त लागले. जमिनीखाली खोल बोगद्यातून पाणी नेणं हा मोठा उपाय मुंबईने स्वीकारला आहे, तरी ठाण्यात कूपनलिका खोदताना अशा एका बोगद्यालाही इजा झाली आणि २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी महिनाभर १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. खाली काय आहे याचा नकाशा खोदणाऱ्याच्या हातात नसेल तर नवा पाईपही वाचत नाही.

‘मग फुटला तेवढाच तुकडा बदलला की झालं’

जुन्या, गंजाचा थर धरलेल्या पाईपमध्ये नवा चकचकीत तुकडा वेल्ड केला की दोघांत विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतो तो नवा. दोन वर्षांपूर्वी बदललेला भागच पुन्हा गळतो तेव्हा ठेकेदाराने हलका माल वापरल्याचा संशय येतो. कधी तो खराही असेल, पण चांगल्या मालाचंही असं होतं. नव्या तुकड्याबरोबर लगतच्या जुन्या भागालाही लेप दिला, किंवा दोघांमध्ये वीज न वाहणारा सांधा बसवला, तर हे टळतं.

‘नळाला तांबडं पाणी येतं, म्हणजे मुख्य वाहिनी गेली?’

बहुतेकदा नाही. फक्त आपल्याच इमारतीत येत असेल तर इमारतीतले जुने जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाईप आणि टाकी आधी पाहावी. सगळ्या गल्लीत, पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं येत असेल तर वितरणाच्या लहान वाहिन्यांकडे बोट जातं. मात्र पाण्याला वास येत असेल किंवा ते गढूळ असेल तर लगेच तक्रार करावी आणि उकळून प्यावं. ठरावीक वेळीच पाणी सोडणाऱ्या व्यवस्थेत बाकीच्या वेळी पाईप रिकामा असतो, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जातं त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं.

खड्डा बुजवण्याआधी

महागडी यंत्रं प्रत्येक नगरपरिषदेला परवडणार नाहीत. पण प्रत्येक फुटीच्या वेळी एक खड्डा खोदलेलाच असतो आणि पाईप उघडा पडलेलाच असतो. पॅच मारून माती लोटण्याआधी अर्धा तास दिला तर तिथेच पत्र्याची जाडी, खळग्यांची खोली, भोक पाईपच्या वर की खाली, गंज आतून की बाहेरून, लेपाची अवस्था, मातीचा प्रकार आणि ओल, इतकं नोंदवता येतं. सोबत फोटो आणि मोबाइलवरून घेतलेलं ठिकाण. अल्ट्रासोनिक मापक हातात मावणारं साधन आहे. फिटर, वेल्डर आणि व्हॉल्व्हमन यांना या जागा तोंडपाठ असतात. ते निवृत्त झाले की ती माहितीही जाते. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी नकाशावर मांडल्या तर कोणते दोन-तीन किलोमीटर आधी बदलायचे हे पुष्कळसं आपोआप दिसतं.

आपल्या शहराच्या पाणीपुरवठा विभागाकडे या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात: गेल्या पाच वर्षांतल्या फुटींच्या जागा, प्रत्येक ठिकाणी मोजलेली जाडी, एअर व्हॉल्व्ह शेवटचे कधी तपासले, कॅथोडिक संरक्षण असेल तर त्याची वाचनं. जाडी कधी मोजलीच नाही असं उत्तर आलं तर पुढच्या अंदाजपत्रकात ती मोजण्यासाठी तरतूद मागावी. आणि जिथे नवी वाहिनी पडतेय, तिथे पहिल्या दिवशीची जाडी, लेपाची चाचणी, मातीची मापं आणि प्रत्येक सांध्याचं ठिकाण योजना ताब्यात घेतानाच लेखी घ्यावं. तीस वर्षांनी तो पाईप उघडणाऱ्या अभियंत्याला तुलनेसाठी हेच आकडे लागतील.